पुंडलिकनगरचा कोरिया

आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या दोन पक्ष आहेत. एक ‘कोरियन’ खाणाऱ्यांचा आणि दुसरा त्यांना नावं ठेवणाऱ्यांचा. पहिल्या पक्षाला मेसच्या पोळीभाजीचं नाव काढलं तरी जांभई येते. दुसऱ्या पक्षाला वाटतं की लालभडक रश्श्यातल्या नूडल्स चॉपस्टिकने खाणारी पोरं हातची गेली, आता ती आई-वडिलांना विचारणार नाहीत आणि कॅम्पसमध्ये सिलेक्टही होणार नाहीत! मी दोन्ही पक्षांबरोबर बसून जेवलेय. माझं मत असं झालंय की हे भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय. म्हणून हा लेखप्रपंच.

गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागलं की संध्याकाळी काय दृश्य असतं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. मेस, झेरॉक्स, मोबाईल रिपेअरिंग, ‘मुलींसाठी रूम भाड्याने मिळतील’, चहा, वडापाव, मोमोज आणि परत झेरॉक्स. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून शिकायला आलेली पोरं-पोरी, त्यांच्या सॅक आणि त्यांच्या सेकंडहँड गाड्या. या गर्दीत ‘कोरियन’ हा शब्द कधी शिरला ते कळलंच नाही. आता तो नूडल्सच्या गाडीवर आहे, कॅफेच्या मेनूकार्डावर आहे, किराणा दुकानातल्या पाकिटावर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेल्या आपल्या पिढीने मोबाईलवर कोरियन सिरियली बघितल्या, २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ आलं, आणि पडद्यावरची माणसं सारखी जे खात होती ते आपल्यालाही खावंसं वाटलं. साधी गोष्ट आहे. आपल्या आधीच्या पिढीने हिंदी सिनेमे बघून बेलबॉटम शिवून घेतल्याच होत्या की!

आता गाडीवर नेमकं मिळतं काय? दादा पाकीट फोडतात, नूडल्स उकळतात, वरून कोबी, चीजची एक स्लाईस आणि चमचाभर शेजवान चटणी. झालं कोरियन. (सेचुआन हा चीनचा प्रांत आणि ती चटणी मात्र शंभर टक्के आपली. तेव्हा कोरियानेही वाईट वाटून घेऊ नये.) मला यात काही पाप दिसत नाही. तिखटाचं म्हणाल तर कोरियाच्या सामयांग कंपनीच्या बुल्दाक नूडल्स इतक्या तिखट की जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी खात्याने त्यांचे तीन प्रकार बाजारातून परत मागवले होते. पुढच्याच महिन्यात फेरहिशोब करून दोन प्रकार परत विकायला परवानगी दिली. आमच्या रूमवर गावाकडून येणारा ठेचा त्या खात्याने चाखला असता तर काय केलं असतं देव जाणे.

पण पहिल्या पक्षाने थोडं ऐकून घ्यावं. आपण जे स्टाईल म्हणून खातो ते मुळात भुकेचं अन्न आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धात कोरिया बेचिराख झाला. सोलच्या नामदेमुन बाजारात अमेरिकन छावण्यांतून आलेलं उष्टं-खरकटं एकत्र उकळून त्याची पेज विकली जायची आणि लोक तिच्यासाठी रांग लावायचे. ती रांग बघून जॉन जुंग-युन नावाच्या उद्योजकाने जपानमधून झटपट नूडल्सचं तंत्र आणलं आणि १९६३ मध्ये सामयांग रामयन बाजारात आलं. किंमत होती १० वॉन. तीच ही कंपनी. दुसरा पदार्थ बुदे जिगे, म्हणजे ‘पलटणीचा रस्सा’. उइजोंगबू गावाजवळच्या अमेरिकन तळांवरून मिळालेलं डबाबंद मांस आणि सॉसेज, त्यात किमची घालून तिखटजाळ उकळायचं. आज तो पदार्थ कॉलेजची मुलं चौघांत एक पातेलं मागवून खातात. आणि त्तोकबोक्की, म्हणजे गोचुजांगच्या लाल रश्श्यातले तांदळाच्या पिठाचे लांबट चिवट तुकडे, हीसुद्धा रस्त्यावर आली ती युद्धानंतरच्या गरिबीत. (हा शब्द देवनागरीत लिहिताना आमच्या मराठीच्या मॅडमशी वाद झाला. मराठीत शब्द ‘त्तो’ने सुरू होत नाही म्हणाल्या. मी म्हटलं मॅडम, तो मराठी नाहीच.) तांदूळ महाग, अमेरिकेचा मदतीतला गहू स्वस्त, आणि १९६०-७० च्या दशकांत सरकारचाच धोशा की तांदूळ वाचवा, गहू खा. मग तेच तुकडे गव्हाच्या पिठाचे झाले आणि शाळेच्या दारात विकले जाऊ लागले.

हे वाचताना मला आपला भाग आठवला. आजी-आजोबांना विचारून बघा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची, दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. दोन्ही देशांत भूक होती, दोन्हीकडे अमेरिकेचं धान्य आलं. कोरियाने त्या धान्याचं रामयन केलं, त्याच्या कंपन्या काढल्या आणि आज ते पाकिटात घालून पुंडलिकनगरपर्यंत पोचवलं. आपल्याकडे मिलोची फक्त आठवण राहिली, तीही तोंड वाकडं करून सांगायची. यात कोणाला हिणवायचं नाही. पण ‘गरिबीचं खाणं’ म्हणून आपण ज्याची लाज बाळगतो, त्याचं नशीब दुसरंही असू शकतं एवढं तरी लक्षात येतं. आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा एवढ्या फौजेला एकदम खाऊ घालायला नान-खलिया सुरू झाला असं सांगतात. फौज परत गेली, रस्सा इथेच राहिला. तोही पलटणीचाच रस्सा! आणि कोरियाशी महाराष्ट्राचं नातं काही मोबाईलपासून सुरू झालेलं नाही. युद्धबंदीनंतर १९५३-५४ मध्ये मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळायला भारताची फौज कोरियात गेली होती. तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले मराठी.

असो. इतिहास पुरे. आता मुद्द्यावर येते.

कोरियन जेवणात पदार्थाइतकंच महत्त्व टेबलाला आहे. सोलमध्ये होंगिक विद्यापीठाच्या भोवती ‘होंगदे’ नावाचा भाग आहे. शेजारी सिन्चोन, तिथे योन्से आणि इव्हा ही विद्यापीठं. म्हणजे आपलं पुंडलिकनगरच, फक्त मोठं आणि सबवेवालं. तिथे ताडपत्री लावलेल्या गाड्या असतात, त्यांना ‘पोचा’ म्हणतात. ताडपत्रीच्या आत प्लॅस्टिकचे स्टूल, मधोमध पातेलं, चार चमचे. एका माणसाला एक प्लेट असा हिशोब नसतो. बऱ्याच ठिकाणी रस्सा कमीत कमी दोघांचाच मिळतो. आणि मुख्य पदार्थाबरोबर ‘बानचान’ येतात : किमची, मोड आलेली कडधान्यं, पालक, मुळा, छोट्या छोट्या वाट्यांत. संपले की परत मागायचे. त्याचे पैसे लागत नाहीत.

हे वाचून मला हसू आलं, कारण हे तत्त्व आपल्या मेसच्या मावशींना आधीपासून माहीत आहे. भाजी संपली की परत, वरण संपलं की परत, कांदा-लिंबू-चटणी मधोमध. कोणी ‘एक्स्ट्रा’ लिहून ठेवत नाही. उलट आपण ज्याला कोरियन म्हणून खातो तिथे एक्स्ट्रा चीजचे वेगळे, एक्स्ट्रा सॉसचे वेगळे आणि प्लेटमध्ये दोघांनी खाल्लं तर दुसऱ्या चमच्याकडे मालक संशयाने बघणार. मग जास्त कोरियन कोण? गाडीवरचं पाकीट की मेसमधलं ताट? माझं उत्तर मेसमधलं ताट. दुसऱ्या पक्षाने लगेच टाळ्या वाजवू नयेत, त्यांच्याकडेही येतेय.

कारण ताटाबरोबर लागते बसायला जागा. आणि ती आपल्याकडे सगळ्यांना सारखी मिळत नाही.

आपली मेस म्हणजे वीस मिनिटांत उठायचं, बाहेर पुढची रांग उभी असते. ते मी समजू शकते, मावशींना चार पैसे त्यातच सुटतात. मग गप्पा मारायला, सबमिशनचं रडगाणं गायला, वाढदिवसाचा केक कापायला जायचं कुठे? मुलांना टपरी आहे. कटिंग घेतली की तासभर गाडीला टेकून उभं राहता येतं, कोणी हटकत नाही. मुलींनी तेच केलं तर पहिल्या दहा मिनिटांत तीन गाड्या स्लो होतात. त्यामुळे पुंडलिकनगरात मुली खातात भरपूर, पण पार्सल! मोमो पार्सल, नूडल्स पार्सल, चहासुद्धा पिशवीत पार्सल. रूमवर नेऊन बेडवर पेपर पसरून खायचं. (हॉस्टेलमधल्या मुंग्यांचं कारण हे आहे, रेक्टर मॅडमनी नोंद घ्यावी.)

हे ‘कोरियन’ कॅफे जे निघाले, त्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट केली. काचेचं दार, चार-पाच टेबलं, भिंतीवर गुलाबी लाईट, आणि शंभर-दीडशेची एक वाटी घेऊन तीन मुली दीड तास बसल्या तरी कोणी काही म्हणत नाही. तिथलं गिऱ्हाईक बघा, निम्म्याहून जास्त मुली दिसतील. मुलं म्हणतात या बीटीएसच्या नादी लागल्यात. असतीलही काही. पण माझ्या मैत्रिणी तिथे जातात त्या खुर्चीसाठी. नूडल्स रूमवर किटलीत निम्म्या पैशात होतात, हे त्यांनाही कळतं. कॅफेवाल्यांना नावं ठेवणाऱ्या पक्षाला माझा एवढाच प्रश्न आहे : ही खुर्ची तुम्ही आम्हाला दुसरीकडे कुठे दिली होती?

आता ‘ड्रिंक्स’कडे वळते, कारण स्टाफरूममध्ये हा लेख वाचला जाणार आणि तिथे खरी काळजी याचीच आहे. सिरियलमध्ये दर दुसऱ्या सीनला हिरवी बाटली असते. ती सोजू. हिरोचा ब्रेकअप झाला की सोजू, प्रमोशन झालं की सोजू. मोठ्यांना ओतताना दोन्ही हातांनी ओतायची, आपल्या ग्लासात आपण ओतायची नाही, मोठ्यांसमोर पिताना तोंड वळवायचं. हे सगळं पडद्यावर फार गोड दिसतं, आणि आपल्याकडे काही जण स्प्राईट छोट्या ग्लासात ओतून तसं करतातही. स्प्राईट आहे तोपर्यंत माझं काही म्हणणं नाही.

पण त्या हिरव्या बाटलीत आहे काय, हे केमिकलच्या मुलांना जास्त नीट कळेल. पूर्वी सोजू तांदळापासून गाळत. १९६५ मध्ये धान्यटंचाईमुळे कोरियन सरकारने धान्यापासून दारू गाळायला बंदी घातली. ती बंदी १९९० च्या दशकात उठली. मधल्या काळात कारखान्यांनी रताळी, टॅपिओका असल्या स्वस्त स्टार्चपासून जवळजवळ शुद्ध इथेनॉल काढलं, त्यात पाणी आणि गोडी घातली आणि बाटलीत भरलं. आजही स्वस्त सोजू तशीच बनते. म्हणजे डिस्टिलेशन कॉलम, डायल्यूशन टँक आणि वर रोमँटिक म्युझिक! यात पारंपरिक वगैरे फारसं काही उरलेलं नाही. आणि दोन्ही हातांनी ओतण्याची जी नम्रता आहे, तिची दुसरी बाजू म्हणजे सीनियरने ओतली की नाही म्हणता येत नाही. कोरियातल्या विद्यापीठांमध्ये नव्या मुलांना जबरदस्तीने पाजल्याने मुलं दगावल्याच्या घटना झाल्या आहेत. आपण त्याला रॅगिंग म्हणतो. ते सिरियलमध्ये दाखवत नाहीत.

आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. मी वीसची आहे, माझ्या वर्गातले बहुतेक तेवढेच. त्यामुळे पुंडलिकनगरात सोजू हवी की नको ही चर्चाच फिजूल आहे, आणि जे कोणी मागच्या दाराने ‘कोरियन नाईट’च्या नावाखाली काही आणत असतील त्यांच्याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. त्यांच्यामुळे आमची खुर्ची जाते. एक लफडं झालं की पहिला उपाय ठरलेला असतो : मुलींच्या गेटची वेळ अर्धा तास अलीकडे. मुलांच्या गेटची वेळ मात्र कधी हलल्याचं मी तीन वर्षांत ऐकलेलं नाही. बाटली ज्यांनी आणली ते बाहेर, आणि ज्या लिंबू सोडा पीत होत्या त्या आत. सरांनो, मॅडम, हा कोणता न्याय?

आणि ड्रिंक म्हणजे दारूच असं कोरियातही नाही. जेवणाबरोबर भाजलेल्या बार्लीचा गार चहा पाण्यासारखा पितात. सिख्ये नावाचं भाताचं गोड पेय असतं, मोड आणलेल्या बार्लीच्या मदतीने केलेलं, त्यात नशा नसते. आपल्याकडे ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करतात. उन्हाळ्यात ४२ डिग्रीला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण एकाही कॅफेच्या मेनूवर ती मी पाहिली नाही. ‘ब्लू लगून मॉकटेल’ आहे, ज्यात निळा रंग आणि साखर सोडून काय असतं हे बनवणाऱ्यालाही माहीत नसावं.

ज्वारीवरून आठवलं. कोरियातही ज्वारी आहे, तिला ‘सुसु’ म्हणतात. लहान मुलांच्या वाढदिवसाला ज्वारीचे छोटे गोळे करून लाल दाण्यांच्या भुकटीत घोळवतात. लाल रंगाने मुलाला इडापिडा लागत नाही अशी समजूत. आमच्या वर्गातल्या एकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे दृष्ट काढायची आणि खाऊन टाकायची! आपण ज्या भाकरीला ‘रोज काय तेच’ म्हणतो ती तिथे बर्थडे केकच्या जागी आहे.

त्याहून जास्त खटकतं ते सोयाबीनचं. गोचुजांग, ज्या लाल पेस्टवर ही सगळी इमारत उभी आहे, तिच्यात मिरची, चिकट तांदूळ, मीठ आणि आंबवलेलं सोयाबीन असतं. त्यांच्या घरोघरची दुसरी पेस्ट, दोएनजांग, ती तर सोयाबीनचीच. दाणे शिजवून कुटायचे, विटेसारखे ठोकळे करून पेंढ्याने बांधून टांगायचे, मग मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवायचे. आता आपल्या हॉस्टेलमध्ये एक सर्व्हे घ्या. किती जणांच्या शेतात खरिपाला सोयाबीन असतं? मराठवाड्यातल्या मुलामुलींना विचाराल तर हात मोजता येणार नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खालीच रेंगाळत होता. घरी त्या वर्षी काय बोलणी व्हायची ते ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांना मी सांगायला नको. म्हणजे आपलं सोयाबीन आपण तेलाच्या गिरणीला पडेल त्या भावाने घालायचं, आणि त्याच सोयाबीनची आंबवलेली पेस्ट हजारो किलोमीटरवरून आलेल्या छोट्या लाल डब्यात विकत घ्यायची, डब्याला किती ते कॅफेवाल्यांनाच विचारा. बायोटेक आणि फूड टेक्नॉलॉजीला जायचं म्हणणाऱ्या ज्युनियर्सनी फायनल इयर प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय शोधून दाखवावा. दरवर्षी तेच ते लाईन फॉलोअर रोबोट करण्यात काय अर्थ आहे?

आणि विचारायला माणसं लांब नाहीत. आपल्या शेंद्र्याच्या ऑरिकमध्ये ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आहे. जीन्सला जो स्ट्रेच येतो, तो धागा. पुण्याकडे रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने ताब्यात घेतला. आपण या कंपन्यांकडे बघतो ते पॅकेज किती एवढ्याच नजरेने. इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो तर मशीनचा फोटो आणि हजेरी. एखाद्या कोरियन इंजिनियरला गेस्ट लेक्चरला बोलावून क्वालिटी कंट्रोलबरोबर ‘तुमच्या कॉलेजच्या दिवसांत तुम्ही कुठे बसून जेवायचात?’ हेही विचारायला काय हरकत आहे? माझी खात्री आहे की दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी मागच्या बाकावरचेही जागे राहतील.

माझ्या मागण्या फार नाहीत. कॉलेजचं कॅन्टीन सहाला बंद होतं, ते मुलामुलींसाठी रात्री नऊपर्यंत उघडं ठेवावं. जेवण नाही दिलं तरी चालेल, खुर्च्या आणि लाईट द्या. गेटची वेळ जी काही असेल ती दोन्ही हॉस्टेलला एकच असावी. आणि महिन्यातून एका रविवारी मेसची फीस्ट ताटांऐवजी पातेल्यात व्हावी : मधोमध चमचमीत रस्सा, भोवती ठेचा, कारळाची चटणी, मोड आलेली मटकी, कोशिंबीर, काकडी अशा वाट्या, भाकरी, शेवटी आंबील. नूडल्स टाकायच्या त्यांनी रश्श्यात टाकाव्यात, माझी ना नाही.

हे मेस कमिटीपुढे मांडलंय. खर्च नेहमीच्या फीस्टपेक्षा जास्त येत नाही, हिशोब मी करून दिलाय. अडचण एकच निघाली, ती पातेल्यांची. मावशी म्हणाल्या, पातेली आहेत सहा मोठी, पण ती माळ्यावर आहेत आणि गणपतीशिवाय खाली काढत नाहीत. पुढच्या शनिवारी माळ्यावर चढायला चार जण हवेत. दोन्ही पक्षांतले चालतील.